कोपऱ्यातलं दुसरं नाव

नदीवरचा दगडी पूल, काठाला गुरं, झाडांआडून डोकावणारा चर्चचा मनोरा. इंग्लंडमधल्या खेड्याचं असं जुनं छापचित्र हाती आलं आणि खाली चित्रकार टर्नरचं नाव दिसलं, की पाहणारा हरखतो: टर्नरच्या हातचं! बहुधा ते तसं नसतं. चित्राखालची बारीक अक्षरं वाचा. डाव्या कोपऱ्यात चित्रकाराच्या नावापुढे 'डेल.' असतं, लॅटिनमध्ये 'यानं रेखाटलं'. उजवीकडच्या नावापुढे 'स्कल्प.', म्हणजे 'यानं कोरलं'. टर्नरच्या इंग्लंड-वेल्स दृश्यमालेत (१८२७ ते १८३८) ९६ चित्रं निघाली. जलरंग त्याचे, तांब्याचे पत्रे कोरले इतरांनी.

मग नुसती नक्कलच की! तेही नाही. जलरंगातलं धुकं काळ्या रेघांत पकडायचं तर कोरणाऱ्यालाही नजर लागते. टर्नर चाचणीच्या छापांवर खुणा करून इथे उजेड हवा, तिथे सावली, असं सांगत राही. 'लिबर स्टुडिओरम' या त्याच्या छापचित्रमालेच्या बहुतेक पत्र्यांवर तर बाह्यरेषा त्यानं स्वतः एचिंगने काढल्या.

एचिंग हा शब्दही आपण सरसकट वापरतो. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा थर देतात, त्यात सुईने रेघ ओढतात आणि उघडं पडलेलं तांबं आम्लाला खाऊ देतात. मऊ मेणात सुई पेन्सिलीसारखी पळते, म्हणून रेघ मोकळी आणि टोकाशी बोथट. कोरणीने खोदलेली रेघ टोकाकडे निमुळती होते. हा फरक ओळखायला साधं भिंग पुरतं.

मेझोटिंट तिसरंच प्रकरण. आधी सगळा पत्रा खरखरीत करायचा, तसाच छापला तर काळाकुट्ट. मग घासून घासून त्यातून उजेड काढायचा. चित्रकार कॉन्स्टेबलची 'इंग्लिश लँडस्केप' ही २२ चित्रांची माला (१८३० ते १८३२) डेव्हिड लुकासनं अशीच केली.

रंगांवर भाळू नका. यांतली बहुतेक चित्रं एकाच शाईत छापलेली. रंग हातानं भरलेला, तोही अनेकदा खूप नंतर. तारखेचंही तसंच. चित्रकार होगार्थच्या खटपटीतून छापचित्रांच्या हक्कांचा १७३५ चा कायदा आला, तेव्हापासून पत्र्यावर प्रकाशनाची तारीख कोरू लागले. कागद मात्र कितीतरी वर्षांनी छापलेला असू शकतो. झिजलेल्या पत्र्याच्या सावल्या फिकट उतरतात.

लुकासचं पुढे काय झालं? कॉन्स्टेबल सतत बदल सुचवत राहिला, माला खपली नाही. १८८१ मध्ये लुकास वारला, तो लंडनमधल्या फुलमच्या गरीबखान्यात.