वाघ, बकऱ्या आणि अंतराळातली लढाई

बालमित्रांनो, वाघ-बकरीचा डाव कधी मांडलाय का? उन्हाळ्याच्या सुट्टीत फरशीवर कोळशाने रेघा ओढायच्या, वाघांसाठी खडे आणि बकऱ्यांसाठी चिंचोके घ्यायचे, की झाला डाव सुरू! वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून बकरी खातो, तर बकऱ्या सगळ्या मिळून वाघाला कोंडतात. बुद्धिबळात दोन्हीकडचं सैन्य अगदी सारखं असतं. इथे ताकद वेगळी आणि जिंकायची रीतही वेगळी. तरीही डाव रंगतो. असं कसं बरं?

हाच प्रश्न मला पुन्हा पडला तो एका कॉम्प्युटरच्या खेळामुळे. लातूरचा माझा भाचा दिवाळीत आमच्याकडे निलंग्याला आला होता. त्याचा लॅपटॉप आणि माझा कॉम्प्युटर जोडून आम्ही 'स्टारक्राफ्ट' खेळायला बसलो. सात-आठ मिनिटांत माझा धुव्वा उडाला! वर भाचा म्हणतो कसा, "मामा, तुमच्याकडं एवढं खनिज शिल्लक होतं, ते वापरलंच नाहीत की!"

तर हा खेळ अमेरिकेतल्या ब्लिझार्ड कंपनीने १९९८ साली काढला. दूरच्या ग्रहांवर टेरन, झर्ग आणि प्रोटॉस या तीन जमाती लढतात. यात आळीपाळीने खेळायचं नसतं. तुम्ही विचार करत बसलात, तरी समोरच्याचं काम चालूच! सुरुवातीला हाती काय, तर चार कामगार आणि ५० खनिज. कामगार खनिज खणून आणतात, हिरवा वायूही आणतात. त्यातून इमारती आणि सैन्य उभं करायचं. नकाशा मात्र काळोखात बुडालेला. आपला कुणी तिथे गेल्याशिवाय काही दिसत नाही.

आता खरी मेख ऐका. नवा कामगार ५० खनिजांत मिळतो आणि छावणी बांधली की टेरन शिपाईही ५० मध्येच. काय घ्याल? कामगार उद्या जास्त खनिज आणून देईल, पण आज हल्ला झाला तर? नुसते शिपाई घेतले, तर उद्या खर्चायला काय उरणार? शेतकऱ्याच्या घरी हे रोजचंच आहे. बियाण्याचं धान्य खाऊन टाकलं तर पेरणार काय? आणि ते कणगीतच ठेवलं तर उगवणार काय? मी नेमकी ही दुसरी चूक केली होती.

या तीन जमाती एकमेकींसारख्या मुळीच नाहीत. टेरन म्हणजे माणसं. त्यांच्या काही इमारती चक्क उडून दुसरीकडे जाऊन बसतात. झर्ग किड्यांसारखे. त्यांचा कामगार स्वतःच इमारत बनतो, म्हणजे इमारत मिळाली पण कामगार गेला! प्रोटॉसचा कामगार इमारत बोलावतो आणि लगेच आपल्या कामाला परत जातो, पण त्या इमारतींना वीज पुरवणारा खांब पडला की त्या बंद. १०० खनिजांत प्रोटॉसचा एक योद्धा येतो, टेरनचे दोन शिपाई येतात किंवा झर्गची चार चिमुकली जनावरं. एक भारी की चार? वाघ-बकरीचंच गणित हे!

हे गणित जमवणं सोपं नव्हतं. याआधी १९९२ साली वेस्टवूड कंपनीचा 'ड्यून टू' नावाचा असाच खेळ आला होता. त्यातल्या तीन घराण्यांचं बरंचसं सैन्य सारखंच होतं. 'स्टारक्राफ्ट' १९९६ साली प्रदर्शनात दाखवला, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. कंपनीने तो पुष्कळसा नव्याने बांधला. बाजारात आल्यावरही दुरुस्त्या चालूच राहिल्या. झर्गची जनावरं फार लवकर चालून येत, म्हणून २००१ साली त्यांच्यासाठी लागणाऱ्या तळ्याची किंमत १५० वरून २०० केली. फक्त ५० खनिजांचा फरक, पण त्याने डावाचा तोल सावरला!

पुढे दक्षिण कोरियात या खेळाचे सामने दूरदर्शनवर दाखवू लागले. १९९७ साली यंत्राने बुद्धिबळात कास्पारोव्हला हरवलं होतं. पण 'स्टारक्राफ्ट'च्या दुसऱ्या भागात कसलेल्या खेळाडूंना हरवायला यंत्राला २०१८ साल उजाडलं. कारण इथे समोरच्याचा डाव झाकलेला, आणि वेळ कुणासाठी थांबत नाही.

पालकांनो, हा लढाईचा खेळ आहे, तेव्हा तो मोठ्या मुलांसाठीच. वेळ आधी ठरवा आणि एखादा डाव सोबत बसून बघा. नंतर विचारा, "तू का हरलास?" उत्तर ऐकण्यासारखं असेल.

आणि मुलांनो, कॉम्प्युटर नसला म्हणून अडत नाही. चिंचोके, खडे आणि एक पाटी घ्या. एका बाजूला थोडे पण बलवान, दुसरीकडे पुष्कळ पण दुबळे, असा तुमचा स्वतःचा खेळ बनवा. दहा डाव खेळा आणि कोण किती वेळा जिंकलं ते वहीत लिहा. एकच बाजू सारखी जिंकते? मग एक नियम बदला, एकच हं! पुन्हा दहा डाव खेळा. खेळ बनवणारे लोक नेमकं हेच करतात. मी वर्गात हे करून पाहिलं. पहिल्या दिवशी वाघ दहाच्या दहा डाव जिंकले, आणि बकऱ्यांकडची मुलं रुसली. त्यांनीच मग सुचवलं, "गुरुजी, वाघाला मागं उडी मारू द्यायची नाही!" आठवड्याभरात डाव असा बरोबरीचा झाला, की मधल्या सुट्टीची घंटाही कुणाला ऐकू येईना.