न पाहिलेल्या काळाची हुरहुर

नागपुरातील एखाद्या सुशिक्षित घरातला विशीचा तरुण २०११ साली निघालेला ‘बालगंधर्व’ हा चित्रपट पाहून परततो आणि ‘तो काळ पुन्हा येणे नाही’ म्हणून हळहळतो. वास्तविक तो काळ त्याने पाहिलेला नाही. त्याच्या वडिलांनीही नाही. भोगलेल्या दिवसांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु जे दिवस वाट्यालाच आले नाहीत, त्यांची हुरहुर का लागावी?

पहिले कारण घरातच सापडते. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली स्थापन झाली. त्या काळी नाटक मंडळ्या आगगाडीने गावोगाव हिंडत, नागपूर-वऱ्हाडातही मुक्काम करीत. ते प्रयोग पाहणारी पिढी गेली. तिने सांगितलेल्या गोष्टी मागे राहिल्या. ग्रामोफोनच्या तबकड्यांनी आणि १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणीसारख्या केंद्रांनी नाट्यपदे घरोघर पोहोचविली. अशा रीतीने अर्धी आठवण कानांत अगोदरच साठलेली असते. चित्रपटात सुबोध भावे यांचा अभिनय आणि आनंद भाटे यांचा स्वर एकत्र आले, की त्या आवाजाला चेहरा मिळतो. आजीआजोबांची आठवण मग नातवाला स्वतःचीच वाटू लागते.

दुसरे कारण निवडीचे आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे ३ मिनिटांचे गाणे मावे. नाटक मात्र रात्रभर चाले. चित्रपटालाही अशीच काटछाट करावी लागते. त्यातून जे उरते, त्यातलेही सुंदर तेवढेच प्रेक्षक घरी नेतो. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची कन्या वारली, तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले. चित्रपट हे दुःख लपवीत नाही. परंतु स्मरणात रेंगाळते ती शालूची झळाळी. कुलीन स्त्रियांना रंगभूमी वर्ज्य होती, म्हणूनच पुरुषाला स्त्रीवेष घ्यावा लागला, याचाही विसर पडतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीसाठी तर कोणीच उसासा टाकीत नाही.

यात एक विलक्षण योगायोगही आहे. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला आणि नाटकगृहांतील गर्दी हळूहळू बोलपटांकडे वळली. कर्जाने वाकलेले बालगंधर्व स्वतः १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथांच्या भूमिकेत उभे राहिले. ज्या कलेने नाटकगृहे ओस पाडली, तीच आज त्यांच्याविषयी ओढ निर्माण करीत आहे.

मग ही ओढ खोटी म्हणावी काय? तसे नव्हे. एका स्वरासाठी रात्रभर शेजारी शेजारी बसण्याची सवड आज राहिलेली नाही, ही उणीव खरी आहे. केवळ तिला काळाचे नाव मिळाले आहे. ज्याला त्या काळाची खरी ओळख हवी असेल, त्याने चित्रपट अवश्य पाहावा. नंतर घरातील जुन्या जमाखर्चाच्या वह्या सापडल्यास त्याही चाळाव्यात. नाटकाला घरातले कोण जात, कोण मागे राहत, आणि तिकिटाचे पैसे कोणत्या खर्चातून काढले जात, हे तेथे शोधावे.