कल्याणचा डावा कोपरा

कबड्डीच्या सामन्याची बातमी चढाईपटूच्या नावानं सुरू होते आणि बहुतेक वेळा त्याच्याच नावावर संपते. पकडी करणाऱ्यांच्या वाट्याला शेवटची अर्धी ओळ येते, ‘त्याला अमुकने बचावात चांगली साथ दिली’ अशी. ज्यानं सामना वाचवला त्यानं कुणाला तरी साथ दिली, असं लिहिण्याची ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. म्हणून हा लेख एका बचावपटूवर. गिरीश मारुती इरनाक, कल्याणचा, डावा कोपरारक्षक. ठाणे जिल्ह्यातल्या मैदानांवरून महाराष्ट्राच्या आणि मग भारताच्या संघात गेलेला हा खेळाडू. तरी कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत, जिथे क्रिकेटच्या राखीव खेळाडूंचीही नावं पाठ असतात, तिथे त्याचं नाव घेतलं तर लोक विचारात पडतात.

आधी त्याचं काम समजून घेऊ. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. म्हणजे एका संघाच्या वाट्याला मध्यरेषेपासून साडेसहा मीटर खोलीचा पट्टा येतो. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषा आणि अंतिम रेषा यांच्यामध्ये उरतात फक्त पावणेदोन मीटर. कोपरारक्षकाचा संसार या चिंचोळ्या जागेत. मागे सरकला तर रेषेबाहेर, पुढे घाई केली तर चढाईपटूच्या हाताखाली. सात जणांच्या बचावात दोन कोपरे, त्यांच्या आत मध्यरक्षक, आणि मधल्या जागा सांभाळणारे बाकीचे. सहा किंवा सात बचावपटू मैदानात असतील तरच बोनस मिळतो, आणि त्या बोनससाठी चढाईपटू पाय लांबवतो तो बहुधा कोपऱ्याच्या दिशेनं. कोपरारक्षक त्याच पायाची वाट बघत असतो.

गिरीशची ओळख आहे ती घोटा पकडण्यासाठी. टीव्हीवर ही पकड सोपी वाटते. वाकला, पाय धरला, शिट्टी वाजली. प्रत्यक्षात सगळा खेळ वेळेचा आहे. चढाईपटूचं वजन मागच्या पायावर असताना पुढचा पाय क्षणभर हलका होतो. त्या क्षणी दोन्ही हात घोट्याभोवती जायला हवेत, पाय जमिनीवरून उचलून छातीशी ओढायला हवा, आणि आपलं डोकं त्याच्या गुडघ्याच्या तडाख्यातून वाचवायला हवं. हे झालं तरी एकट्यानं भागत नाही. ऐंशी किलोचा चढाईपटू एका पायावरही उडी मारून मध्यरेषा गाठतो. म्हणून कोपऱ्यानं हात घातला की आतल्या खेळाडूनं त्याच श्वासात कमरेला मिठी मारायची किंवा धडक द्यायची. अर्धा क्षण उशीर झाला तर एकाऐवजी दोघं-तिघं बाद होतात. पकड चुकलेला बचावपटू सगळ्यांना दिसतो. पकड जमवून आणणारा, म्हणजे चढाईपटूला हळूहळू नको त्या बाजूला ढकलत नेणारा, सहसा दिसत नाही.

ठाणे जिल्ह्याला हा खेळ नवा नाही. ठाण्यातल्या चरईचं श्री मावळी मंडळ आणि कल्याण, भिवंडी, डोंबिवलीच्या आसपासच्या गावांतले संघ यांनी पिढ्यान्पिढ्या खेळाडू घडवले. थंडी सुरू झाली की इथल्या मैदानांवर प्रकाशझोतातले सामने रंगतात. मातीवर घोटा पकडायला शिकलेल्या मुलाच्या कोपरांची आणि गुडघ्यांची सालं निघतात. मॅटवर पाय घसरत नाही, पण सांध्यांना झटका जास्त बसतो. दोन्ही शिकावं लागतं. प्रो कबड्डीच्या आधी या मुलांपुढे वाट एकच होती. जिल्हा संघ, राज्य संघ आणि मग भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्रा, रेल्वे किंवा पोलीस यांच्या संघात नोकरी. घरच्यांच्या दृष्टीनं कबड्डीचं सार्थक त्या नेमणूकपत्रात होतं, आणि त्यात गैर काही नव्हतं.

26 जुलै 2014 रोजी मुंबईत वरळीला प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला आणि हे गणित बदललं. गिरीश 2016 मध्ये बंगाल वॉरियर्सकडून खेळला. तिथे नीलेश शिंदेसारखा मुरलेला मराठी बचावपटू त्याच्या सोबत होता. 2017 मध्ये तो पुणेरी पलटणमध्ये आला. त्या संघात उजव्या कोपऱ्याला तमिळनाडूचा धर्मराज चेरलाथन होता, अनुभवानं पिकलेला आणि घाई न करणारा. डावीकडे गिरीश. माझ्या मते त्या हंगामातल्या गिरीशच्या खेळाचं अर्धं रहस्य या जोडीत आहे. समोरचा कोपरा विश्वासाचा असला की आपण जोखीम घेऊ शकतो.

आणि मग 2018 साल. एका बचावपटूच्या कारकिर्दीतलं सगळं त्या एका वर्षात सापडतं. जानेवारीत हैदराबादला 65 वी वरिष्ठ गट राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं अंतिम सामन्यात सेनादलाला 34-29 असं हरवून अकरा वर्षांनी सुवर्णपदक मिळवलं. गिरीश त्या संघात होता. जूनमध्ये दुबईत कबड्डी मास्टर्स स्पर्धा झाली आणि भारतानं अंतिम सामन्यात इराणला 44-26 असं लोळवलं. त्या भारतीय संघातही तो होता. ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी निवडलेल्या बारा जणांतही त्याचं नाव होतं.

जकार्तात मात्र विपरीत घडलं. 1990 मध्ये बीजिंगला कबड्डीचा आशियाई स्पर्धेत समावेश झाला तेव्हापासून भारतीय पुरुषांनी सलग सात सुवर्णपदकं जिंकली होती. साखळीत दक्षिण कोरियानं 24-23 असा धक्का दिला आणि उपांत्य फेरीत इराणनं 27-18 असं हरवलं. भारताला कांस्यपदकावर थांबावं लागलं. त्या पराभवाची चर्चा आपल्याकडे निवड, तयारी आणि अतिआत्मविश्वास यांच्याभोवती फिरली. 18 हा आकडा मला जास्त बोलका वाटतो. भारताच्या चढायांना इराणच्या बचावानं अक्षरशः बांधून ठेवलं होतं. अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी अशी नावं समोर असताना! अंतिम सामन्यात दक्षिण कोरियालाही इराणनं 26-16 असं रोखलं. बचाव स्पर्धा जिंकून देतो हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसलं असेल.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात, प्रो कबड्डीच्या लिलावात एक कोटी रुपयांचा टप्पा गाठणारा पहिला खेळाडूही इराणचाच होता, यू मुंबानं घेतलेला फझल अत्राचाली. तोही डावा कोपरारक्षक. बाजाराला बचावाची किंमत कळली ती अशी, एका परदेशी खेळाडूच्या निमित्तानं. पुढे 2023 च्या लिलावात इराणच्याच महंमदरझा शादलुईला पुणेरी पलटणनं 2 कोटी 35 लाख रुपये दिले.

ऑक्टोबर 2018 मध्ये सहावा हंगाम सुरू झाला तेव्हा पुणेरी पलटणचा कर्णधार होता गिरीश इरनाक. पहिलाच सामना यू मुंबाशी, महाराष्ट्रातल्या दोन संघांची लढत, आणि ती 32-32 अशी बरोबरीत सुटली. समोरच्या डाव्या कोपऱ्यात फझल होता. पलटणला त्या हंगामात बाद फेरी गाठता आली नाही. कोपऱ्यातून संघ चालवणं अवघड असतं. स्वतः पकडीच्या तयारीत असताना बाकीच्या सहा जणांची हालचाल बांधायची, आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या, निर्णायक चढाईला कुणाला पाठवायचं तेही ठरवायचं.

त्यानंतरचा त्याचा प्रवास व्यावसायिक बचावपटूचा नेहमीचा प्रवास आहे. 2019 पर्यंत पुणे, मग आठव्या हंगामात गुजरात जायंट्स, नवव्यात पुन्हा बंगाल वॉरियर्स, दहाव्यात यू मुंबा. दर लिलावात नवा संघ, नवा जोडीदार, नव्यानं विश्वास जुळवणं. चढाईपटू आपली चढाई सोबत घेऊन जातो. कोपरारक्षकाला मात्र प्रत्येक ठिकाणी आतल्या खेळाडूशी ताल नव्यानं बसवावा लागतो. बोटं, खांदा आणि गुडघा हे त्याचं भांडवल, आणि दुखापती होतात त्याही तिथेच. हे लक्षात घेतलं तर इतके हंगाम संघांना तो हवासा वाटला, ही मी मोठी कमाई मानतो.

बचावपटूंकडे होणारं दुर्लक्ष फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये अब्जावधी डॉलर खेळतात, बचावपटूंना मानधनही भरपूर मिळतं. तिथेही चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडूसह मागेच आडवं पाडण्याची अधिकृत नोंद लीगनं 1982 पासून ठेवायला सुरुवात केली. त्याआधीच्या पिढ्यांतल्या बचावपटूंचं ते कर्तृत्व अधिकृत आकड्यांत नाहीच. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान 1986 मध्ये लॉरेन्स टेलर या बचावपटूला मिळाला, आणि त्यानंतर तो एकाही बचावपटूला मिळालेला नाही. प्रो कबड्डीनं या बाबतीत बरंच बरं केलं आहे. तीन किंवा कमी बचावपटू उरले असताना केलेल्या पकडीला दोन गुण, एका सामन्यात पाच पकडगुण झाले की ‘हाय फाइव्ह’, आणि प्रत्येक खेळाडूच्या यशस्वी-अयशस्वी पकडींची नोंद. गिरीशसारख्याचं काम आकड्यांत दिसू लागलं ते यामुळे.

स्थानिक स्पर्धांत ही नोंद अजून नीट होत नाही. 15 जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिनी, आपण कबड्डी दिन साजरा करतो. बुवांनी या खेळाला नियम, संघटना आणि देशभर मान मिळवून दिला. त्यांच्या राज्यात कल्याणच्या एखाद्या मुलानं गेल्या मोसमात किती घोटे पकडले, हे कुणालाच सांगता येऊ नये, हे बरं नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या आयोजकांना माझी विनंती आहे. या हिवाळ्यात गुणपत्रकावर प्रत्येक बचावपटूच्या पकडी नावानिशी लिहा, आणि उत्कृष्ट पकडीचं बक्षीस उत्कृष्ट चढाईच्या बक्षिसाइतकंच ठेवा.