जॅझवादकांचा चरितार्थ : रात्री हॉटेल, दिवसा ध्वनिमुद्रण

केवळ जॅझ वाजवून चरितार्थ चालवणे भारतातील वादकांना क्वचितच साधले. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत आलेले गोमंतकीय वादक हे त्याचे ठळक उदाहरण. पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात, चर्चच्या शाळांत ते पाश्चात्त्य स्वरलिपी शिकले होते. रात्री ते हॉटेलांत वाजवीत; पण १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर तेथील कार्यक्रम रोडावले. अशा वेळी स्वरलिपी वाचण्याच्या कौशल्यामुळे चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणाचा आधार मिळाला. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (अँटोनियो झेवियर वाझ) ताजमहाल हॉटेलात वाजवीत, तसेच संगीतकार सी. रामचंद्र यांना साहाय्यही करीत. १९५१च्या ‘अलबेला’त त्यांचा वाद्यवृंद पडद्यावर दिसतो. बहुतेक सहकाऱ्यांची नावे मात्र श्रेयनामावलीतही आली नाहीत.