बाँड, उदयपूर आणि मी

शेवगावात केबलवर ‘ऑक्टोपसी’ (१९८३) पाहिला तेव्हा मी शाळेत होतो. जेम्स बाँड उदयपूरच्या गल्ल्यांतून रिक्षाने पळतोय, आपला विजय अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंडांना झोडपतोय! कबीर बेदीही होताच. जगात याहून भारी सिनेमा नाही, असं वाटायचं.

मोठेपणी पुन्हा पाहिला आणि खुपलं. गारुडी, निखारे, खिळ्यांची शय्या... एवढाच भारत? त्यातला बाँड रॉजर मूर, त्याच्यावरून मन उडालं ते उडालंच.

परत ओढलं २००६च्या ‘कसिनो रोयाल’ने. डॅनिएल क्रेगचा बाँड धापा टाकतो, चुकतो, प्रेयसी व्हेस्परसाठी नोकरीही सोडतो. ‘डॉ. नो’ (१९६२) ते ‘नो टाइम टू डाय’ (२०२१) असे २५ चित्रपट झाले. ते बघत सध्या मी जुन्या बाँडवर, शॉन कॉनरीवर आलोय. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधली रेल्वेच्या डब्यातली मारामारी चुकवू नका.