पद्मिनी कारचा 'जन्मदाखला' कुठे मिळतो?

मुरुड म्हणजे लातूर-बार्शी रस्त्यावरचं मुरुड, कोकणातलं नव्हे. अशा बाजारपेठेच्या गावात १९७०-८० च्या दशकात डॉक्टरांच्या किंवा अडत्याच्या दारात कार असलीच, तर ती बहुधा ॲम्बेसेडर असायची नाहीतर फियाट. पुढे तिचं नाव पद्मिनी झालं, तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले.

समजा, आजोबांची अशीच एक गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे आणि नातवाला ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. इंजिन दुरुस्त होईल, टायरही मिळतील. पण गाडी नेमकी कधी बनली? आत्ता तिच्यात असलेलं इंजिन मूळचंच का? रंग पहिल्यापासून हाच होता का? हे सांगणार कोण?

कारखान्याची वही

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद होते. चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, तयार झाल्याची तारीख आणि ती कोणत्या डीलरकडे गेली, अशी साधारण ही नोंद असते. कंपनीसाठी हे रोजचं कारकुनी काम. पन्नास वर्षांनी मात्र तीच ओळ गाडीचा जन्मदाखला ठरते.

ब्रिटनमध्ये गेडन इथल्या मोटार संग्रहालयाकडे मॉरिस, ऑस्टिनसारख्या अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या अशा नोंदवह्या आहेत. फी भरली की वहीतला तपशील प्रमाणपत्रावर उतरवून मिळतो. रोल्स-रॉइसची चेसिस कार्डं तिथल्या हौशी मालकांच्या क्लबनं सांभाळली. त्यामुळे संस्थानिकांनी मागवलेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या गाड्यांचाही माग काढता येतो. मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता, त्या निजामाची १९११ ची रोल्स-रॉइस आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. गंमत अशी, की त्या दरबारी गाडीचा इतिहास शोधणं आपल्या शेडमधल्या पद्मिनीपेक्षा सोपं आहे.

श्रीमंत कंपन्यांकडे सगळं जपलेलं असतं, असंही नाही. अमेरिकेच्या क्रायस्लरची गाडीनिहाय कार्डं १९३० ते १९६७ पर्यंतची टिकली. त्यानंतरच्या गाड्यांसाठी हौशी लोक मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये हात घालून बघतात. जोडणीच्या वेळी कामगारांनी तिथे खोचलेला सूचनांचा कागद कधीकधी अजून सापडतो.

कुर्ल्याचं काय झालं?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी याच क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ गाड्या जोडल्या जात. मग फियाटशी करार झाला, १९५४ पासून फियाट ११०० आली आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी हे नाव पडलं. २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. कारखाना बंद झाला, जमीन विकली गेली आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या. गेडनसारखी, फी भरून नोंद मिळवायची खिडकी मात्र कुर्ल्याच्या गाड्यांसाठी उघडली नाही.

कारखाना बंद पडला की यंत्रांचा लिलाव होतो, जागेला भाव येतो. नोंदवह्यांना गिऱ्हाईक नसतं. त्यांची किंमत कळायला तीस-चाळीस वर्षं जावी लागतात आणि तोवर त्या सांभाळायच्या कुणी, हा प्रश्न उरतो.

कागदावर काय अडतं?

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये लागतात, ती १० वर्षं चालते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. पहिल्या पद्मिनी २०२४ पासून या वयात येऊ लागल्या आहेत.

आता 'मूळ स्वरूप' सिद्ध कसं करायचं? डिझेल स्वस्त म्हणून अनेक मालकांनी पेट्रोल इंजिन काढून दुसरं बसवलं. दुसरीकडे कंपनीनंही '१३७ डी' हे डिझेल मॉडेल काढलं होतं. म्हणजे १९९० च्या दशकातल्या एखाद्या डिझेल पद्मिनीचं इंजिन कारखान्यातलं की गॅरेजमधलं, हा प्रश्न पुढे येणारच. कारखान्याची वही असती, तर तो दोन मिनिटांत सुटला असता.

नोंदणीची तारीख ही बनल्याची तारीख नव्हे, हेही लक्षात घ्यावं लागतं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला, म्हणजे उत्पादन थांबल्यानंतर. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये काळी-पिवळी पद्मिनी बंद झाली, ती या नोंदणीच्या तारखेनुसार.

मग शोधायचं कुठे?

पहिली जागा म्हणजे आरसी बुक. त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाचं साल, इंधन आणि रंग असतो. ते हरवलं असेल तर आरटीओच्या रजिस्टरमधली नोंद. इथे मुरुडकरांची एक वेगळी अडचण आहे. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला आणि एमएच-२४ ही मालिका त्याहून नंतरची. त्याआधीच्या, तीन इंग्रजी अक्षरांच्या नंबरच्या गाडीची मूळ नोंद लातूरच्या दप्तरात असेलच असं नाही. गाडी मुंबई-पुण्याहून सेकंडहँड आणली असेल, तर आधी तिथल्या कार्यालयात विचारावं लागतं. नोंद संगणकात चढलेली नसेल, तर 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागते. त्यासाठीही जुनं आरसी बुक हाताशी असेल तर बरं.

दुसरी जागा घरातली ट्रंक. डीलरचं बिल, विम्याच्या जुन्या पॉलिसी, बुकिंगच्या डिपॉझिटची पावती. त्या काळी गाडी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहून मिळायची, म्हणून हे कागद लोकांनी जपून ठेवलेले असतात. १९८९ नंतरच्या गाडीसोबत फॉर्म २२ असतो. तो कंपनीच देते आणि त्यावर दोन्ही नंबर असतात. डीलरच्या बिलावर तारीख आणि बऱ्याचदा रंगही मिळतो.

शेवटी गाडी स्वतः. बॉनेट उघडून चेसिस नंबर घासून-पुसून स्वच्छ करायचा आणि त्यावर कागद धरून पेन्सिलनं छाप घ्यायची. आरटीओत नोंदणीच्या वेळी घेतात तशीच. छाप घेण्याआधी पेंटरला त्या पट्टीवर पुट्टी मारू देऊ नये.