चवीपुरते मीठ म्हणजे नेमके किती?

रक्तदाबाच्या रुग्णाला ‘मीठ कमी करा’ असे सांगितले की तो मान डोलावतो. मधुमेह्याला ‘साखर जपून’ म्हटले की तोही हो म्हणतो. महिन्याने तपासणीला आल्यावर ‘किती कमी केले?’ असे विचारले, तर दोघांपाशीही उत्तर नसते. बरोबर आलेल्या घरच्या बाई म्हणतात, ‘आमच्याकडे पहिल्यापासूनच बेताचं असतं, डॉक्टर.’ हे ‘बेताचं’ चमच्याने मोजले तर किती भरते, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते.

स्वयंपाकातील मापाचा विषय निघाला की कै. कमलाबाई ओगले यांची आठवण होते. १९१३ साली जन्मलेल्या कमलाबाईंचे शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. स्वयंपाक त्या सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या. १९७० साली त्यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि बघता बघता घरोघरी पोहोचले. लग्न होऊन सासरी निघालेल्या किंवा परदेशी जाणाऱ्या मुलीच्या सामानात ते आठवणीने ठेवले जाऊ लागले. प्रतींचा खप पाहून लोक त्यांना कौतुकाने ‘सव्वा लाख सुनांची सासू’ म्हणू लागले. १९९९ साली त्या गेल्या, पण पुस्तक अजून स्वयंपाकघरात आहे.

या यशाचे मोठे कारण म्हणजे त्यांनी वापरलेले वाटी-चमच्याचे माप. आई किंवा सासू शेजारी उभी असताना ‘मूठभर’, ‘अंदाजाने’ हे शब्द पुरत होते. नोकरीनिमित्त शहरात वेगळे बिऱ्हाड केलेल्या मुलीला विचारायला कोणी नव्हते. तराजू घरात असेलच असे नाही, वाटी आणि चमचा मात्र प्रत्येक घरात होता. चौथी शिकलेल्या या बाईंनी ही अडचण अचूक ओळखली.

औषधाला जशी मात्रा असते, तशीच मीठ, साखर आणि तेल यांनाही असते. पाककृतींच्या पुस्तकांत सगळे जिन्नस मोजून दिलेले असतात, पण मिठाशी आले की बहुधा ‘चवीपुरते’ एवढेच लिहिलेले आढळते. आज आपण तेच मोजू.

आधी चमचा तपासा

घरात चार तऱ्हेचे चमचे असतात. पातळ औषधाच्या बाटलीवर मापाचे छोटे झाकण येते. त्यात ५ मि.लि.च्या रेघेपर्यंत पाणी घ्या आणि ते चमच्यात ओता. जो चमचा बरोबर काठोकाठ भरेल, तो आपला मापाचा चमचा. तो मिठाच्या बरणीजवळच ठेवा. कोरडा जिन्नस मोजताना चमचा शिगेचा नको; सुरीच्या पाठीने वरचा ढीग काढून तो सपाट करावा.

मीठ

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे एका सपाट चमच्याच्याही थोडे आतच. त्यात आमटी, भाजी, पोळीची कणीक, लोणचे, पापड, फरसाण, बिस्किटे असे सगळे आले. लहान मुलांना याहून कमी पुरते.

आता घरचा हिशेब करा. चौघांच्या घराला दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम मीठ झाले. एक किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर मीठ वापरले जाते, आणि बाहेरचे खाणे वेगळेच. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहून ठेवा. ती किती दिवस पुरते, हे पाहिले की घरचा ‘बेत’ आपोआप कळतो.

दिवसाचे मीठ सकाळीच मोजून एका छोट्या वाटीत काढावे आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक त्यातच करावा. ताटात वरून मीठ वाढण्याची पद्धत बंद करावी. पहिले काही दिवस जेवण अळणी लागेल, पण काही आठवड्यांत जिभेला सवय होते. तोवर लिंबू, कोकम, आले, जिरे, कोथिंबीर यांनी चव सांभाळता येते.

सैंधव चालते का, असे बरेच जण विचारतात. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रक्तदाबाला त्याने सूट मिळत नाही. शिवाय त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतूनही सोडियम पोटात जाते. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

तेल

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या मार्गदर्शनानुसार २००० कॅलरींच्या आहारात तेल-तूप मिळून साधारण २७ ग्रॅम असावे, म्हणजे सुमारे सहा चमचे. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्याला संपत असेल, तर माणशी रोज आठ चमच्यांच्या वर तेल झाले. तूप आणि लोणी त्यात धरलेलेच नाही. फोडणीला पळीने तेल ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घालावे. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

चहा आणि सरबते

दिवसभरातील वरून घातलेली साखर शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. म्हणजे साधारण ५ ते ६ सपाट चमचे. कपाला दोन चमचे याप्रमाणे चार कप चहा झाला, की आठ चमचे साखर पोटात गेली. कपामागे अर्धा चमचा कमी केला तरी दिवसाचे दोन चमचे वाचतात. पंधरा दिवसांनी आणखी अर्धा कमी करावा.

चहा जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच घेऊ नये. त्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. आपल्याकडे बायका-मुलींमध्ये रक्तक्षय फार आहे. जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर असावे. याउलट पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळले तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळावे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते.

उन्हाळ्यात पन्हे, कोकम सरबत, लिंबू सरबत घराघरांत होते. एका पेल्याला चार चमचे साखर पडली, तर दिवसाचा बहुतेक वाटा तिथेच संपला. गूळ घातला म्हणून मधुमेह्याला पन्हे चालते, हा गैरसमज आहे. रक्तातील साखर गुळानेही वाढते. रोजच्यासाठी पातळ ताक सर्वांत चांगले. रक्तदाब असेल तर त्यात मिठाऐवजी जिरेपूड आणि कोथिंबीर घालावी.

जिथे माप चुकवून चालत नाही

चहात साखर थोडी जास्त झाली तर त्या दिवशी काही बिघडत नाही. जुलाब होणाऱ्या तान्ह्या बाळासाठी जलसंजीवनी करताना मात्र अंदाज चालत नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती. शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या केल्या आणि ते पाणी रुग्णांना पाजले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. ग्लुकोज आतड्यातून आत जाताना मिठाला बरोबर नेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. त्यासाठी दोघांचे प्रमाण जुळावे लागते. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर बाळाला सुस्ती येते, झटकेही येऊ शकतात.

म्हणून हे माप पाठ करा: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. औषधाच्या दुकानातील पुडी मिळाली तर ती अधिक चांगली. पुडी एक लिटरची आहे की २०० मि.लि.ची, हे आधी वाचावे आणि सगळी पुडी तेवढ्याच पाण्यात एकदम विरघळवावी. कपभर पाण्यात चिमूट-चिमूट टाकू नये. केलेले पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध मुळीच बंद करू नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले, मूल सुस्त झाले किंवा दिलेले सगळे उलटून पडू लागले, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

येत्या रविवारी एवढेच करा. मापाचा चमचा शोधा, मिठाच्या पिशवीवर तारीख लिहा, आणि जलसंजीवनीचे प्रमाण कागदावर लिहून फडताळाच्या दाराला आतून चिकटवा. रात्री-अपरात्री बाळ आजारी पडले तर ते आठवत बसावे लागणार नाही.